सांदणाची वाटी आणि केकचा साचा

सांदण हा इडलीचा कोकणी धाकटा भाऊ, असे म्हटले जाते. चवीपुरते ते ठीक आहे. भांड्याच्या दृष्टीने पाहिले तर मात्र दोघांचे घराणे निराळे आहे. इडली शिजते ती थाळीला कायम जोडलेल्या खळग्यांत. सांदण शिजते सुट्या वाटीत. बरक्या फणसाचा रस, तांदळाची कणी, गूळ, नारळाचा रस आणि चिमूटभर मीठ यांचे मिश्रण तुपाचा हात फिरवलेल्या लहान वाट्यांत ओतायचे, त्या वाट्या मोदकपात्राच्या चाळणीवर मांडायच्या, झाकणाला फडके बांधायचे आणि वाफ आणायची. शिजल्यावर प्रत्येक वाटी आपापली बाहेर निघते, आपापली निवते आणि आपापली उपडी होते. एखादे सांदण चिकटले तरी शेजारच्याला त्याची झळ लागत नाही.

मुंबई-गोवा महामार्गावरील लांजा हा फणसाचा तालुका. याच तालुक्यातील झापडे गावात देशोदेशींच्या फणसजातींची बाग उभी राहिली आहे. येथील स्वयंपाकघरांना सुट्या वाटीचे गुण कोणी शिकवावे लागत नाहीत. (फणसाबाबत आपल्या सर्व घरांचा नियम एक नाही. जेथे तो घेत नाहीत, तेथे याच वाट्यांत हापूसच्या रसाचे सांदण करता येते, आणि ते उणे वाटत नाही.) आश्चर्य आहे ते पुढच्या गोष्टीचे. ज्या घरात उन्हाळ्यात सांदण सुट्या वाटीत होते, त्याच घरात मुलांसाठी ओव्हन आला की कपकेकसाठी दुकानातून जो साचा येतो, तो एकाच पत्र्यात सहा किंवा बारा खळगे ठोकलेला असतो. बिनअंड्याचा केक त्यातून काढताना निम्म्यांच्या टोप्या हातात येतात आणि तळ साच्यातच राहतात. सुगरण स्वतःला दोष देते, पाककृतीला दोष देते. साच्याकडे बोट क्वचितच वळते.

वास्तविक हा जोडखळग्यांचा साचा ज्या केकसाठी घडला, त्यात अंडे गृहीत धरलेले आहे. अंड्यातील प्रथिने उष्णतेने घट्ट होतात आणि केकच्या भिंतीला आतून आधार देतात. पिवळ्या भागातील घटक तूप आणि पाणी यांना एकत्र बांधून ठेवतात. असा केक ओव्हनमधून निघाल्यावर थोड्याच वेळात उपडा केला, तरी आपला आकार सांभाळतो. बिनअंड्याच्या केकला हा आधार नाही. ताजे दही व खाण्याचा सोडा यांच्या संयोगाने वायू निर्माण होतो, पीठ फुगते. परंतु फुगलेल्या पिठाला उभे ठेवण्याचे काम मैद्यातील चिकट प्रथिन आणि शिजून घट्ट झालेले पिष्ट या दोघांनाच करावे लागते. गरम असताना हे पिष्ट मऊ असते. दहा मिनिटे निवल्याशिवाय ते भार सोसत नाही. उलट अर्धा-पाऊण तास साच्यातच ठेवले, तर कोंडलेली वाफ धातूच्या थंड भिंतीवर पाणी होऊन बसते आणि तळ ओला, चिकट होतो. म्हणजे बिनअंड्याच्या केकला साच्यातून सुटण्याची घटका अगदी थोडी मिळते, आणि ती सहाही खळग्यांना एकाच क्षणी मिळत नाही. ओव्हनच्या मागच्या भिंतीकडचा केक आधी तयार होतो, दाराकडचा नंतर. जोडसाचा उपडा करायचा तर सहाही एकदम उपडे करावे लागतात. सुटी वाटी हवी, ती येथे.

साच्याचा विचार करताना बहुतेक लोक आकाराचा विचार करतात: फूल, तारा, बदाम. जाणता कारागीर आधी विचार करतो तो पदार्थ बाहेर कसा येईल याचा. आपल्या घरातील तीन जुनी भांडी या दृष्टीने न्याहाळण्यासारखी आहेत. आप्पेपात्राचे खळगे तव्याला जोडलेले असतात, तरी आप्पे अडकत नाहीत. कारण खळगा अर्ध्या गोळ्यासारखा, आणि काडीने टोचून आप्पा त्यातच फिरवता येतो. मोदकाचा साचा याच्या उलट. मोदकाच्या कळ्या आडव्या गेल्यामुळे तो सरळ बाहेर निघणे शक्य नाही, म्हणून साचाच बिजागरीवर उघडतो. इडलीपात्राने तिसरी तोड काढली: खळगा उथळ ठेवला आणि तळाला भोके पाडली, जुन्या पद्धतीत वर ओले फडके घातले. पदार्थ फिरवणे, साचा उघडणे आणि खळगा उथळ ठेवणे, हे तीन मार्ग झाले. कपकेक उंच असतो, फिरवता येत नाही आणि त्यासाठी बिजागरीचा साचा करणे खर्चाचे ठरते. त्याच्यासाठी चौथा मार्ग, म्हणजे सांदणाच्या वाटीचा, हाच स्वाभाविक आहे.

पाश्चात्त्य देशांतही साच्याचा हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेत बोस्टन येथील नॅथॅनियल वॉटरमन याने १८५९ मध्ये ओतीव लोखंडाच्या साच्याचे पेटंट घेतले. त्यात कप एकमेकांना बारीक पट्ट्यांनी जोडलेले असून मधली जागा मोकळी होती, जेणेकरून गरम हवा प्रत्येक कपाच्या भोवती फिरावी. पुढे पत्रा ठोकून एकसंध साचे काढणे स्वस्त पडू लागले आणि मधली मोकळी जागा बुजून गेली. आज बाजारात मिळणारा साधा मफिन-ट्रे या बाबतीत दीडशे वर्षांपूर्वीच्या साच्यापेक्षा मागे आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता वाटीकडे वळू. भांड्यांचा व्यापार ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी पुढील मापे मुद्दाम सविस्तर दिली आहेत. जैन कासारांच्या घरांत धातूची पारख पिढ्यांची आहे. त्यांना यात सुधारणाही सुचतील.

वाटीचा वरचा व्यास ७० मि.मी., तळाचा ५५ मि.मी. आणि उंची ३५ मि.मी. धरावी. तिच्यात काठोकाठ सुमारे १०८ मि.लि. पाणी मावते. बिनअंड्याचे मिश्रण दोन-तृतीयांश भरायचे, म्हणजे वाटीमागे ७२ मि.लि. होते, आणि सहा वाट्यांना साधारण ४३० मि.लि. मिश्रण पुरते. वर आणि खाली यांतील १५ मि.मी.चा फरक हा सगळ्या रचनेचा प्राण आहे. भिंत उभी सरळ असेल तर केक सुटताना शेवटपर्यंत भिंतीला घासत येतो. भिंत निमुळती असेल तर तो केसभर वर उचलला गेला की चारी बाजूंनी एकदम मोकळा होतो. घरातील नेहमीच्या आमटीच्या वाट्या केकसाठी फसतात, त्या यामुळेच. त्यांच्या भिंती बहुधा सरळ असतात. सांदण मऊ व ओलसर असल्याने त्या वाट्यांतूनही निभावते, केक निभावत नाही.

तळ व भिंत यांचा सांधा काटकोनी नसावा. तेथे ६ ते ८ मि.मी. त्रिज्येची गोलाई द्यावी. कोपऱ्यात तुपाचे बोट नीट फिरत नाही, पीठ नेमके तेथेच चिकटते आणि घासणीही तेथे पोचत नाही. वरची कड ५ मि.मी. बाहेर वळवून सपाट ठेवावी. तिच्यावरच वाटी चौकटीत टांगली जाईल. पुष्कळ भांड्यांत कड आत गुंडाळलेली असते. दिसायला ती सुबक; पण त्या पोकळीत पाणी व पिठाचे कण साचतात. ज्या तालुक्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे अशा पोकळीत बुरशी यायला आणि मुंग्यांची रांग लागायला आठवडाही पुरतो. आपल्या घरांना ही गोष्ट केवळ स्वच्छतेची वाटत नाही. म्हणून कड उघडी, सपाट आणि धार मोडलेली असावी.

चौकट म्हणजे भोके पाडलेली पट्टी किंवा जाड तारेची जाळी. भोकाचा व्यास ७१.५ मि.मी. ठेवावा. येथे धातू तापल्यावर फुगतो, हे विसरून चालत नाही. ७० मि.मी.ची ॲल्युमिनियमची वाटी ३० अंशांवरून १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की सुमारे ०.२४ मि.मी.ने रुंद होते, स्टीलची ०.१८ मि.मी.ने. दीड मिलिमीटरची सवड त्याला भरपूर पुरते. शिवाय वाटी निमुळती असल्याने फुगली तरी भोकात जखडत नाही, किंचित वर सरकते. दोन वाट्यांच्या मध्यबिंदूंमध्ये ९५ मि.मी. अंतर ठेवल्यास कडांमध्ये १५ मि.मी. मोकळी जागा राहते आणि हवा खेळते. सहा वाट्यांची चौकट २९० बाय १९५ मि.मी. होईल, चार वाट्यांची १९५ बाय १९५. मोठी चौकट सर्वच घरगुती ओव्हनमध्ये मावणार नाही. तेव्हा दुकानदाराने दोन्ही ठेवाव्यात आणि गिऱ्हाइकाला आधी आतल्या जाळीचे माप घेऊन यायला सांगावे. चौकटीला ४५ मि.मी. उंचीचे चार पाय असले की वाटीच्या तळाखाली १० मि.मी. जागा उरते. त्या जागेतून हवा फिरते आणि वाटी खालून किंचित ढकलून वर उचलताही येते. हीच चौकट पसरट पात्रात पाण्यावर उभी केली, की सांदणालाही चालते. ओव्हन आणि वाफ या दोन्हींना एकच वाटी, हे लांज्यासारख्या गावात मोठेच सोयीचे; पावसाळ्यात वीज गेली तरी गॅसवरचे काम अडत नाही.

धातूबद्दल मतभेद होणे साहजिक आहे. ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या जवळजवळ चौदा-पंधरा पट वेगाने उष्णता वाहते, म्हणून त्यातील केकचा रंग सर्वत्र सारखा येतो. वरील मापाची १ मि.मी. जाडीची वाटी कडेसह साधारण २८ ग्रॅम भरते, लवकर तापते आणि लवकर निवते. परंतु साधे ॲल्युमिनियम आंबट आणि खार या दोघांनाही भिते: कोकम, दही, सोडा यांनी ते काळवंडते. कोकणात आंबटाशिवाय स्वयंपाक नाही. स्टील डागत नाही, पण उष्णता सावकाश व असमान पोचवते. तळ करपतो आणि मध्य कच्चा राहतो. वाटी केकसाठीच असेल तर ॲनोडाइझ केलेले ॲल्युमिनियम, आणि सांदण-केक दोन्हींसाठी असेल तर अर्ध्या मिलिमीटरचे पातळ स्टील, हा व्यवहार्य निवाडा दिसतो. कल्हईसारखा पांढरा दिसणारा टिनप्लेटचा पत्रा स्वस्त असतो खरा, पण कोकणच्या हवेत दुसऱ्या पावसाळ्यात तो गंजतो. सिलिकॉनच्या लवचिक वाट्यांतून केक अलगद निघतो, हे मान्य; त्याच्या भिंतीला सोनेरी रंग मात्र येत नाही आणि भरलेली वाटी उचलताना हेलकावते. न चिकटणारा लेप दिलेल्या वाट्या नव्या असेतो उत्तम. एकदा उलथन्याची धार लागली की लेप सुटू लागतो, आणि तो कोठे जातो हे सांगायला नको.

घराबाहेर पडल्यावर सुट्या वाटीला आणखी एक मोल येते. बेकरीत बिनअंड्याचा केक मागितला, तर पीठ बिनअंड्याचे असते यात शंका घेण्याचे कारण नाही. पण सकाळी ज्या साच्यात अंड्याचा केक भाजला, त्यातच दुपारी हा भाजला जातो का, हे कोणी विचारत नाही. वेष्टनावरचा हिरवा ठिपका घटकांची ग्वाही देतो; साच्याच्या कोपऱ्यातील कालच्या खरपुडीबद्दल तो बोलत नाही. बारा खळग्यांचे ट्रे दुप्पट घेणे लहान बेकरीला परवडत नाही आणि ठेवायला जागाही नसते. वाट्या मात्र एकात एक बसतात. पन्नास वाट्यांची चळत एका डब्यात मावते. बिनअंड्याच्या वाट्यांच्या कडेवर खूण ठोकून त्या वेगळ्या ठेवणे, वेगळ्या घासणे आणि चौकटही वेगळी राखणे हे थोड्या खर्चाचे काम आहे. पर्युषणाच्या पारण्याला किंवा साखरपुड्याला शंभर नगांची मागणी देणाऱ्या कुटुंबाने या वाट्या स्वतःच्या विकत घेऊन बेकरीवाल्याकडे दिल्या, तरी त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. लग्नाच्या मांडवात आपले पाणी गाळण्याचे फडके आपण नेतोच. (दही घातलेल्या मिश्रणात बेसन मिसळू नये, हे मात्र बेकरीवाल्याला वेगळे सांगावे लागेल. द्विदलाचा नियम त्याला माहीत असण्याचे कारण नाही.)

आता व्यापाराची बाजू. लांज्याहून आंबा घाट चढून गेले की कोल्हापूर; तेथे ओतकामाचा आणि यंत्रसामग्रीचा उद्योग मोठा आहे, डाय करून देणारे मिळतात. स्टीलच्या भांड्यांचे कारखाने भाईंदरला आहेत. वरील वाटीला कडेसह सुमारे ११६ मि.मी. व्यासाचे सर्कल लागते आणि खोली बेताची असल्याने ती प्रेसवर एकाच ओढीत निघू शकते. खर्च डायचा असतो, वाटीचा नव्हे. त्यामुळे डाय टाकण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली मानकाची. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आय.एस.आय. चिन्ह आवश्यक करणारा आदेश काढला. स्टीलच्या भांड्यांचे मानक आय.एस. १४७५६ आणि ॲल्युमिनियमचे आय.एस. १६६०. आपल्या मालाला यांतील काय व केव्हापासून लागू होते, हे कारखानदाराकडून लेखी घ्यावे. वजनावर स्वस्त मिळालेला बिनखुणेचा माल दुकानात अडकून पडला, तर तोटा कारखान्याचा होत नाही.

दुसरी हक्काची. नवा साचा सुचला की पेटंट घेऊन टाकू, असा उत्साह तरुण पिढीत दिसतो. पेटंट कायदा १९७० च्या तिसऱ्या कलमाने, आधीच माहीत असलेल्या आणि आपापले काम स्वतंत्रपणे करणाऱ्या वस्तूंची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध मानलेला नाही. वाटी जुनी, चौकट जुनी. तेवढ्यावर पेटंट मिळण्याची आशा धरू नये. वाटीच्या बाह्य रूपात, म्हणजे कडेच्या किंवा पाकळ्यांच्या घडणीत, खरोखर नवेपण असेल तर डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी होऊ शकते. ती १० वर्षे टिकते आणि पुढे ५ वर्षे वाढवता येते. मात्र नोंदणी रूपाची होते, कार्याची नाही; आणि अर्ज करण्यापूर्वीच वस्तू दुकानात मांडली किंवा तिचे छायाचित्र व्यवसायबंधूंच्या गटावर फिरवले, तर नवेपण संपते. आधी अर्ज, मग प्रदर्शन.

साचा कसा विकला जातो, याचे एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात १९५० मध्ये हदासा या यहुदी महिलांच्या संस्थेच्या काही सभासद डेव्हिड डालक्विस्ट या भांडी करणाऱ्याकडे गेल्या. मधोमध नळी असलेले, पन्हळीदार, युरोपातील जुन्या पद्धतीचे केकपात्र त्यांना हवे होते. त्याने ते ॲल्युमिनियममध्ये ओतून दिले आणि ‘बंट पॅन’ या नावाने बाजारातही आणले. कित्येक वर्षे ते फारसे खपले नाही. १९६६ मध्ये एका पाककला स्पर्धेत त्या साच्यात केलेल्या केकला दुसरे पारितोषिक मिळाले आणि मागणी एकाएकी अशी उसळली की कारखाना अपुरा पडू लागला. साचा तोच होता. लोकांना त्यात काय करायचे ते कळले, एवढाच फरक. भांड्यांच्या दुकानदाराला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे: वाट्यांच्या खोक्यात बिनअंड्याच्या केकची आणि सांदणाची, अशा दोन पाककृती मराठीत छापून घालणे हा काही पैशांचा खर्च आहे. त्या पाककृती आपल्या घरातील बायकांनी त्याच वाटीत करून पाहिलेल्या असाव्यात. भाषांतरित पाककृतीतले कपाचे माप आपल्या वाटीला जुळत नाही.

म्हणूनच पहिली मागणी हजाराची देऊ नये. बारा नमुना-वाट्या लेथवर काढून घ्याव्यात; डायपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते. त्या तीन घरांत वाटाव्यात: एक गॅसवर वाफवणारे, एक लहान ओव्हन असलेले, एक बेकरीचे. प्रत्येक वाटीत ७२ मि.लि. मिश्रण मोजून घालावे, दहा मिनिटे निववावे आणि उपडी करावी. बारांपैकी किती तळासकट सुटले ते वहीत लिहावे. पाच-सहा वेळा हे झाले की कोठली गोलाई वाढवायची आणि कोठला पत्रा जाड करायचा, ते आकड्यांवरूनच दिसते. लांज्यात बरका फणस पिकू लागतो तो उन्हाळ्यात. तोवर माल दुकानात यायचा असेल, तर नमुन्यांचे काम दिवाळीनंतर लगेच हाती घ्यावे लागेल.